चिंचेनं घासलेला रुपया

केदारखेडा, ता. भोकरदन
६ नोव्हेंबर २०२४

गिरिजा इहीणबाईंना साळूबाईचा रामराम.

रागवा, पण फाडू नका. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, वाचताना डोळ्याला तरास पडेल, तेवढा सोसा. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असतं तर जल्दी झालं असतं, पण दुसऱ्याला काही सांगायचं मी सध्या बंद केलंय. काहून ते पुढं सांगते. आधी चांगलं सांगते.

तुम्हाला नात झाली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. अंगदनं त्याच दिवशी फोन केल्ता, तुम्ही त्याचा आवाज ऐकून ठेवून दिला. ठेवा, तुमचा हक्क आहे. त्या दोघांनी न विचारता कोर्टात लग्न केलं, तुम्हाला लागलं, मलाही लागल्तंच. पण मी लेकाची आई, मला लग्नानंतर सून मिळाली. तुमची तर लेकच गेली. मला कळतं ते.

तर नात. रंग आमचा, म्हणजे काळासावळा, पण नाक तुमचं. राजनंदिनीच्या फोनमध्ये तुमचा फोटू आहे, त्याच्याशी लावून बघितलं मी. राग कुणाचा ते तुम्हीच ओळखा. भूक लागली की मुठी वळून सगळी गल्ली जागी करती.

जन्माची तर गंमतच. डॉक्टरीणबाईनं शिझर लागेल म्हणून जालन्याला न्यायला सांगितल्तं. एकशेआठची गाडी आली, मी पुढं ड्रायव्हरशेजारी. राजूर यायच्या आधीच मागून आरडाओरडा. गाडीतल्या डॉक्टरनं बाजूला घ्यायला लावली. आधी पाय आले, इहीणबाई. पाय, मंग कंबर, डोकं सगळ्यात शेवटी. मी रस्त्याच्या कडेला बसून नुसती गणपतीचं नाव घेत राह्यले. पण दोघी सुखरूप. पायाळू आहे तुमची नात. चालतच आली घरात.

आता पायाळू म्हटल्यावर तुम्हाला माहितीच आहे, पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण जाती. गल्लीतल्या बाया यायला लागल्या. कापसाची वेचणी चालू, कुणाची कंबर धड आहे? नंदाबाई शेजारची रोज पालथी पडायची आणि मी लेकराचा तळपाय तिच्या पाठीवर टेकवायची. म्हणायची, "साळू, तू तिकीट लाव आता." मला लई आनंद. ज्याला त्याला सांगत सुटले. येष्टीत सांगितलं, दळणाला गेले तिथं सांगितलं. आजी झालेल्या बाईच्या तोंडाला झाकण नसतं.

आता नाण्याचं. राजनंदिनीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक जुना रुपया आहे, तुम्ही लहानपणीच घातलेला. आमच्याकडं लेकराची बेंबी फुगली की तिच्यावर चांदीचा रुपया ठेवून फडकं बांधत्यात. हिची बेंबी जरा वर आलीय. मी रुपया मागितला. तुमची लेक म्हणाली, "आई, नर्सबाईनं काहीच बांधू नका म्हणून सांगितलंय. आणि ते कसलं धातू आहे कुणाला माहिती?" मी म्हटलं, चांदीच आहे. ती म्हणाली, "कशावरून?" बारावी झालेली पोरगी, तिच्याशी कोण बोलणार. मंग मी ठरवलं, जालन्याला जाऊन दाखवूनच आणते.

नेण्याआधी चांगला दिसावा म्हणून चिंच आणि राख लावून घासला. दगडी फरशीवर बसून, हात दुखेस्तोवर. नव्यासारखा चमकला.

जालन्यात मस्तगडात गयासोद्दीन म्हणून म्हातारे आहेत, जुनी चांदी, जुने सिक्के घेत्यात. भिंग लावून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अम्मा, ये किसने घिसा?" मी म्हटलं, मीच. म्हणाले, "चिंच?" मी म्हटलं, आणि राख. ते नोकराला म्हणाले, "अम्मा के लिए चाय ला, डांटने के पहले पिला देता हूं." मंग मला उजेडात तिरपं धरून दाखवलं. म्हणाले, निजामाच्या वेळचा हाली सिक्का आहे, इकडं चारमिनार. मिनारांच्या मधल्या दरवाज्यात एक अक्षर असतं, त्यावरून कोणत्या निजामाचा ते कळतं. इथं मिनारच दिसेनात, मंग दरवाजा कुठला. साल मागच्या बाजूला, तेही गेलं. कडा झिजून पातळ झालेली. वर कुणीतरी दोरा ओवायला कडी डाकून घेतलीय. "शौकीन लोग कडी देख के ही छोड़ देते. ऊपर से आपकी चिंच. सिर्फ चांदी का भाव है अम्मा, और चांदी भी खरी नहीं, मिलावट है. बच्ची के पेट पे मत बांधो." म्हणजे तुमची लेकच बराबर निघाली. मला काय, विकायचा नव्हताच. मी चहा पिले आणि बसल्याबसल्या त्यांना नातीचं सांगितलं. पायाळू कशी आली, बाया कशा येत्यात, सगळं.

दुकानात दोनचार माणसं होती. एकानं माझ्या हातात रुपया असताना फोनवर फोटू काढला. "अम्मा, जमिनीतून निघाला का? गाव कोणतं?" म्हणाला. मी सांगितलं.

परत येताना तो येष्टीत माझ्या मागं दोन सीट सोडून बसल्ता. भोकरदनला चालला असेल म्हटलं. तो केदारखेड्यालाच उतरला. असेल कुणाचा पाव्हणा.

तसं काही न्हाई. पण एवढंच विचारायला लिहिते. हा रुपया तुमच्याकडं कुठून आला? जमिनीतून निघालेला तर न्हाई ना? उत्तर द्या. लेकीला न्हाई तर मला द्या. तिला मी लिहितेय ते माहिती न्हाई.

साळूबाई


१४ नोव्हेंबर

इहीणबाई, तुमचं उत्तर अजून आलं न्हाई, म्हणून पुन्हा लिहिते. वाटेत हरवलं असेल असं धरून चालते.

अंगद जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात आहे, तुम्हाला माहितीच. तिथंच चौघांत एक खोली घेऊन राहतो, सुट्टीला येतो. परवा आला तो तोंड उतरवून. त्याच्या फोनवर कारखान्यातल्या माणसानं एक फोटू पाठवलेला. माझा हात, त्यावरचं गोंदण, हातात रुपया. खाली लिहिलेलं, केदारखेड्यात निजामाचा हंडा सापडला, म्हातारी एकेक करून मोडून राह्यली.

मी हसले आधी. म्हटलं, हंडा सापडला असता तर मी गॅसच्या टाकीला उधारी कशाला मागितली असती. अंगद हसला न्हाई.

त्यानं गयासोद्दीनचाचांना फोन लावला. त्यांनी बिचाऱ्यांनी बोलून पाठवलं, आवाज भरून, की हा सिक्का घिसलेला आहे, कडी डाकलेली, फक्त चांदीच्या भावाचा, एवढा एकच आहे. अंगदनं ते सगळ्यांना पाठवलं. तर काय झालं सांगू? लोक म्हणायला लागले, म्हातारा मुद्दाम कमी सांगतोय, त्याच्याशी वाटणी ठरली असेल. आणि चिंचेनं घासला म्हणजे जमिनीतली माती काढायलाच घासला. नंदाबाईचा दीरच म्हणाला मला तोंडावर, "काकू, आम्हाला नका देऊ, पण येड्यात पण काढू नका." ज्यानं आमच्या मालकांना खांदा दिला तो माणूस.

माणसं येऊन राह्यली आहेत. दिवसा, गल्ली वेचणीला गेली की. एक जण म्हणाला, जुनी भांडी घेतो. एक म्हणाला, घराला रंग द्यायचाय का. भिंतीकडं न बघता फरशीकडं बघत होता. मी विळा घेऊन उंबऱ्यात बसते, भाजी चिरतेय असं दाखवत. चिरायला भाजीच नसती.

काल गोठ्यामागं जमीन उकरलेली दिसली. हातभर खोल. कडेला लिंबू कापून टाकलेलं, हळदकुंकू. मी माती लोटून पायानं दाबून टाकली. राजनंदिनीला म्हटलं, डुकरानं उकरलं. तिनं लिंबू बघितलं नव्हतं. मला वाटतं बघितलं नव्हतं.

लेकरू मस्त आहे. आता आवाजाकडं मान वळवती. माझा आवाज ओळखती, पुन्हा पुन्हा करून बघितलं.

रुपया कुठून आला तेवढं कळवा. जमिनीतला न्हाई असं तुम्ही म्हणालात तर मी गावात चावडीवर वाचून दाखवीन.

साळूबाई


२१ नोव्हेंबर

इहीणबाई, तुमचं कार्ड मिळालं. चार वेळा वाचलं.

"रुपया माझ्या सासूचा. हिंगोलीच्या बाजारात कापूस विकून आलेला. जमिनीतला नाही."

एवढंच. पोरगी कशी आहे, लेकरू कसं आहे, एक अक्षर न्हाई. पण अक्षर लई सुंदर आहे तुमचं. आणि खाली काहीतरी लिहून खोडलंय, ते मी उजेडात धरून बघितलं, दिसलं न्हाई. म्हणजे माझी पत्रं तुम्ही वाचता. मला तेवढ्यानं हुरूप आला.

चावडीवर वाचलं न्हाई मी. आता त्याचा उपयोग न्हाई. सांगते.

मंगळवारी दुपारी एक बाई आली. चांगली लुगड्यातली, कपाळभर कुंकू. म्हणाली, "पाठ भरलीय मावशी, लांबून आलेय, लेकराचा पाय लावा." मी बायांना न्हाई म्हणत नव्हते तोवर. राजनंदिनी न्हाणीत होती. मी लेकरू घेतलं, बाई पालथी पडली, पाय टेकवला. मंग ती उठली. इहीणबाई, ज्याची पाठ भरलीय ते माणूस असं उठत न्हाई. कुशीवर होतं, हात टेकतं, आई गं म्हणतं. ही सरळ पोरीसारखी उठून बसली. आणि म्हणाली, "बघू द्या पाय, पाया पडते." पायाला हात लावला आणि आपल्या कमरेचा काळा दोरा काढून लेकराचं पाऊल मापलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत. दोऱ्याला गाठ मारली. माझ्या मांडीवर लेकरू, मी नुसती बघत. वाटलं, पैंजण करणार असेल.

ती गेल्यावर नंदाबाई आली. तिला सांगितलं तर तिनं आधी दार लोटून घेतलं. म्हणाली, "साळू, पायाळूला जमिनीखालचं दिसतं म्हणत्यात. धन काढायला पायाळू लागतं. तू रुपयाचंही सांगितलं आणि पायाचंही सांगितलं. एकाच दुकानात."

मला तेव्हा कळलं. रुपया त्यांना नकोच आहे. रुपया कसा का असेना, घिसलेला असू दे, चांदीच्या भावाचा असू दे. रुपयावरून त्यांनी ठरवलं की इथं जमिनीत आहे, आणि ते काढायला काय लागतं ते माझ्या मांडीवर आहे.

मी नंदाबाईला म्हटलं, असं काही नसतं गं, ते जुन्या काळचं. ती म्हणाली, "तू रोज माझ्या पाठीला पाय लावत होतीस तेव्हा जुना काळ नव्हता का?"

ठाण्यात अर्ज दिला. अंगद सुट्टी काढून आला आणि दिला. जमादार येऊन बघून गेले, चांगले होते, नंबर देऊन गेले, म्हणाले असल्या गोष्टीला कायदा कडक आहे, काही वाटलं की लगेच फोन करा. पण बाईचं नाव माहिती न्हाई, गाव माहिती न्हाई. मी सांगितलं, कपाळभर कुंकू. ते लिहून घेताना थांबले. कुंकू तर सगळ्याच लावत्यात.

लेकराला मी आता दिवसभर खाली ठेवत न्हाई. राजनंदिनीला सगळं सांगावं लागलं. ती रडली न्हाई, तुमच्यासारखी आहे. दारं लावून घेतली, मला म्हणाली, "आई, तुम्ही जेवा." मी म्हटलं, तुझ्या माहेरी जा काही दिवस. तर म्हणाली, "त्या दारात मी जाणार न्हाई. बोलावल्याशिवाय तर न्हाईच."

तिनं न्हाई म्हटलं तरी मी तुम्हाला विचारते. असली कामं अमावस्येलाच करत्यात म्हणे, येती अमावस्या टळेपर्यंत तरी तिला घ्याल का? तुमचं घर मोठं, माणसं भरलेली, कुंभार पिंपळगावात तिला कुणी पायाळू म्हणून ओळखत न्हाई. आईच्या घरी बाळंतीण असती तर हे झालंच नसतं, हे मी टोमणा म्हणून लिहीत न्हाई. बोलावणं धाडा. एका ओळीचं चालेल, तुम्हाला एका ओळीचं येतं.

साळूबाई


२७ नोव्हेंबर

इहीणबाई,

हे पत्र पोस्टात टाकलं न्हाई. अंगदच्या हातात दिलंय. तुम्ही हे वाचताय म्हणजे तो तुमच्या अंगणात उभा आहे. त्याला पाणी दिलं न्हाई तरी चालेल.

तुमचं बोलावणं आलं न्हाई. मी वाट बघितली. मंग काल असं झालं. मी न्हाणीत गेल्ते, राजनंदिनी लेकराला पाजून जरा लवंडली होती. दार आतून लावलेलं. खिडकीच्या गजातून एक हात आत आला. गप्प, हळूहळू, जसा मांजर पाय टाकतं तसा. लेकराच्या पायाशी. तिथं कुंकू लावलेल्या तांदळाची पुडी ठेवली, पूजेआधी बोलावणं देत्यात तशी. राजनंदिनी जागी होती. तिनं तो हात दातानं धरला, इहीणबाई. चावली. बाहेरचा माणूस ओरडला आणि गेला. तिच्या ओठाला त्याचं रक्त होतं, ती तोंड धुवायलाही उठेना, लेकरू उराशी धरून भिंतीला टेकून बसली. जमादार आले, पुडी घेऊन गेले, म्हणाले आता चावलेल्या हाताचा माणूस शोधायला सोपं. दोन माणसं ठेवतो म्हणाले गल्लीत. ठेवलीत. पण मी भ्याले आहे. खरं सांगते, एवढी मी मालक गेले तेव्हा पण भ्याले नव्हते. तेव्हा जे जायचं ते गेलं होतं.

आज सकाळी मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं की लेकरू पुण्याला नेतोय, दवाखान्यात. नंदाबाईलासुद्धा तेच सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं, घरून गूळ आणून दिला वाटेसाठी. रुपया राजनंदिनीच्या गळ्यातून काढून घेतला. माझ्या गळ्यात बांधलाय, पदराच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल असा. ज्याला यायचं त्यानं इकडं यावं, मी विळा घेऊन आहेच. म्हातारीचं पाऊल मापून काही निघत न्हाई.

आता ऐका, नीट ऐका, कारण चूक झाली तर माझी होईल.

तुमची लेक आणि नात जीपमध्ये आहेत, तुमच्या गावच्या बाजारतळाजवळ. अंगदनं त्यांना तिथं थांबवून मंग तुमच्याकडं यायचं, असं ठरलंय. राजनंदिनी यायला तयार नव्हती. मी तिला तुमचं कार्ड दाखवलं. अक्षर दाखवलं, मजकुरावर अंगठा ठेवला. म्हटलं, तुझ्या आईचं आलंय, लेकराला घेऊन ये म्हणती. तिनं अक्षर बघितलं. मंग उठून लेकराची दुपटी भरायला लागली. दोन वर्षांत मी तिला असं जल्दी जल्दी काही करताना बघितलं न्हाई.

तेव्हा तुम्ही बोलावलंय. तुमच्या मालकांनी विचारलं तर तुम्ही बोलावलंय. राजनंदिनीनं विचारलं तर तुम्हीच बोलावलंय, आणि कधीपासून बोलवायचं होतं, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्याशी बोलू नका, मी कधी तुमच्या दारात येणार न्हाई, लागलं तर तसं लिहून देते. गावात कुणी विचारलं तर लेकरू डोक्याकडूनच आलं म्हणून सांगा, आणि कुणाच्या पाठीला तिचा पाय लावू देऊ नका, कितीही दुखत असली तरी.

आता चप्पल घाला आणि अंगदच्या मागं चला. तोंडावर राग असला तर असू द्या, तिला तो ओळखीचा आहे. लेकरू घेताना मानेखाली हात घाला. मान अजून धरली न्हाई तिनं.

साळूबाई